धोंडूदादांची चार चाकं

पोलादपूरच्या फाट्यावर पंक्चर काढणारे धोंडूदादा नसते, तर रामजीबाबा रस्त्यातच गेले असते. म्हणून आधी त्यांचं नाव लिहितो, मग माझी चूक.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत महाडात एका मालकाची जीप चालवायला लागलो. मध्यंतरी मालक म्हणाले, टायर झिजलेत, तूच निवडून आण. डोंगरात हौसेनं फिरणाऱ्यांच्या गाड्या बघून मी जुन्यापेक्षा दोन बोटं उंच आणि रुंद टायर घेतले. दुकानदारानं सांगितलं होतं, यांना स्प्रिंगा बदलून गाडी वर उचलावी लागेल. मी रिकामी जीप मैदानात फिरवली, स्टिअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवलं. कुठं घासलं नाही. मग उचलायची कशाला, असं मीच ठरवलं.

त्या टायरांवरची डोंगरातली पहिलीच फेरी कुडपणची. रामजीबाबांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांचं एकच चाललं होतं, "माझ्या पडवीत (ओसरीत) न्या." मागं गादीवर बाबा, उशाशी त्यांचा मुंबईहून आलेला मुलगा सुरेश, गावचे चौघे आणि तांदळाच्या दोन गोणी. दुपारी महाड सोडलं.

हायवे सरळ, काही कळलं नाही. पोलादपूर मागं टाकून चढ लागला आणि पहिल्याच वळणावर मागून करकर आवाज आला. मग जळक्या रबराचा वास. खड्ड्यात गाडी दबली की टायर वरच्या पत्र्याला घासायचा, गचका बसायचा आणि बाबा कण्हायचे.

"ड्रायव्हर, गाडी रोक," सुरेश म्हणाला. "बाबांना सहन होत नाय."

हळूहळू परत फाट्यावर आलो. धोंडूदादांनी टायरच्या वर हात घालून बघितला. बोट शिरत नव्हतं.

"भरून बघितली व्हतीस का?"

"रिकामी बघितली, दादा."

"रिकामी कुनाची बी फिरती रे. आमच्याकडं टायर बसवला का गाडीत आधी सहा माणसं बसवतात, एक चाक धोंड्यावर चढवतात, मग वळवून बघतात."

मी विचारलं, पत्रा कापला तर? दादा म्हणाले, "पत्र्यामागं लोखंड हाय. टायर फाटंल, मग समद्यांना घेऊन दरीत जाशील."

दादांनी शेडमागच्या स्वतःच्या जीपकडं बघितलं. तीच बनावट, जुन्या मापाचे टायर, पण मागं हवा भरायचं यंत्र पक्कं बसवलेलं, बाबांना निजवायला जागा नव्हती. पाना घेऊन ते तिच्या चाकाचे नट सोडायला बसले.

बाबांना उतरवून टायरांच्या ढिगाशेजारच्या बाकावर निजवलं. मी जॅक मारत होतो. मधेच बाबांनी डोळे उघडले. "पोचलो का रे?"

सुरेशनं बाबांचा हात धरला. दादा मान वर न करता म्हणाले, "पोचलास, बाबा. पडवी सारवतायत. वाईच थांब."

त्यानंतर बाबा बोलले नाहीत.

वर चढताना एकदाही आवाज आला नाही. डावीकडं खोल दरी, पिवळं पडलेलं गवत. मी फक्त मागचा श्वास ऐकत होतो. दिवस मावळायच्या आत बाबांना पडवीत ठेवलं. आयीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ओठांना पाणी लावलं. ते खाली ओघळलं. त्यांनी घर ओळखलं की नाही, कुणालाच सांगता आलं नाही. पहाटे ते गेले.

शेजारच्यांनी आणलेली कुळथाची पिठी (आपल्याकडचं हुलग्याचं माडगं) मी बाजूला सारली. आयीला म्हणालो, माझ्या टायरांपायी दीड तास गेला. ती म्हणाली, "घरी आला ना? तू जेव."

त्याच दिवशी दुपारनंतर खाली आलो. दादांची जीप चाकांविना दगडांवर तशीच उभी होती. आदल्या सांजेला ते घरी चालत गेले होते. आम्ही दोघांनी चाकं बदलली. ते एवढंच म्हणाले, "मालकाला खरं सांग."

रिकामी जीप महाडपर्यंत एकदाही घासली नाही. बाबांचे शेवटचे शब्द पंक्चरच्या शेडमध्ये निघाले, हे माझ्यामुळं. ते फेडता येणार नाही. दादांचं मात्र फेडीन. कधीतरी माझी स्वतःची गाडी होईल. त्यांना जेव्हा गरज पडेल, तेव्हा ती दगडांवर उभी करीन आणि घरी चालत जाईन.