रिंगच्या खांबाला लावलेला हात

वसईचे अंकल नसते तर माझा उजवा डोळा गेला असता, हे आधी सांगून टाकतो. इथे दुबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत ते इस्त्री करायचे, रूमवर माझ्या खालच्या बेडवर झोपायचे. मी आठवी नापास, लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या.

मी अलिबागकडचा बेने इस्रायली. म्हणजे ज्यू, पण घरात मराठीच. आडनावाला शेवटी 'कर', त्यामुळे इथे कुणाला कळलं नव्हतं. आठवडाभर गोडाऊनमध्ये माल चढवायचा आणि सुट्टीच्या दुपारी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका शेडमध्ये बॉक्सिंग; अंकल बघायला यायचे. आमच्या घराच्या चौकटीला एक डबी असते, आत देवाची वचनं. येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. सवयच ती. रिंगमध्ये चढतानाही मी खांबाला ग्लोव्ह लावून ओठांना लावायचो.

मग तिकडे इस्रायलची लढाई पेटली. मोबाईलवर रोज मेलेली मुलं. मलाही बघवायची नाहीत.

त्या दुपारी मी खांबाला हात लावला आणि समोरचा ओरडला, "मेरा पुराना सेठ दरवाज़े को ऐसे ही चूमता था. यहुदी है ये!"

घंटेआधीच त्याचा ठोसा नाकावर बसला. हाड मोडलेलं मला आतून ऐकू आलं. मीही बरगडीत हाणला. खोटं कशाला बोलू, तो वाकला तेव्हा बरं वाटलं. तेवढ्यात त्याचे दोन दोस्त आत घुसले, मला पाडून हात दाबून धरले. त्याने दातांनी ग्लोव्ह काढला आणि अंगठा माझ्या डोळ्यात रुतवला.

"कितने बच्चे मारे तेरे लोगों ने, बोल!"

"मैं अलिबाग का हूँ!" कोण ऐकतंय.

अंकल साठीला टेकलेले. दोरीखालून आले आणि माझ्या तोंडावर आडवे पडले. "खलास! बस करो! लेबर है वो, तुम्हारे जैसा!" लाथा त्यांच्या हातावर बसत राहिल्या. शेडवाला धावत आला तेव्हा कुठे थांबल्या.

डोळा वाचला. अंकलची तीन बोटं मोडली. आता इस्त्री धरवत नाही, टॉवेलच्या घड्या घालतात. "तिथे एसी आहे रे," म्हणतात.

मी म्हटलं, "अंकल, मी ज्यू आहे हे लपवलं तुमच्यापासून."

"माहीत होतं. शनिवारी तू गॅस पेटवत नाहीस, चहासुद्धा माझ्याकडून करून घेतोस. आधी वाटलं, आळशी आहेस."

बसस्टॉपवर तो माणूस दिसेल म्हणून अजून मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जातो. पण आमच्यात संकटातून सुटलं की मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. रजा मिळाली की अंकलना अलिबागला नेईन, पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवीन. तेवढ्याने फिटणार नाही. त्यांचे हात थकतील तेव्हा माझे आहेत. हे मी एक दिवस फेडीन.