कमरेवरचे चोवीस

खोपोलीजवळच्या एका क्रीडा केंद्रात मी झाडलोट करते. तिथे मुलींचा कबड्डीचा संघ आहे. दर महिन्याला त्यांच्या अंगातली चरबी मोजतात. कातडी बोटांनी धरून उचलायची, तिला मोजायचा चिमटा लावायचा, मनात दोनपर्यंत मोजायचं आणि काट्यावरचे मिलिमीटर वाचायचे. दंडावर, पाठीवर, कमरेच्या वर. प्रशिक्षक सरांसमोर मुली लाजायच्या, म्हणून सरांनी हे काम मला शिकवलं. माझी चौथी झाली आहे, आकडे वाचता येतात. मी पडद्याच्या आतून आकडा सांगायचे, सर बाहेर बसून लिहायचे.

इतक्या मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती, पण हळूहळू जमलं. त्याच संघातली माझी मुलगी समोर उभी राहिली तेव्हा मात्र जमेना. बाहेर सगळ्या मुली रांगेत होत्या. आमच्यात आपल्या लेकराचं अंग चारचौघांत सांगत नाहीत, नजर लागते. कोणी पोरगी भरली म्हणालं तर आई म्हणते, कुठली, नुसती हाडं. मी प्रत्येक ठिकाणी काट्यापेक्षा पाच-सहा कमी सांगितले.

दोन दिवसांनी निवड होती. स्पर्धेला महिना होता आणि तिचं वजन मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरलं. सरांनी वही पाहिली. चरबी असती तर जेवण बदलून वजन उतरवलं असतं, पण तुझ्या अंगात उतरवण्यासारखं काही नाही, उपाशी ठेवून मी खेळवणार नाही, असं ते म्हणाले. नाव खोडायला त्यांनी पेन उघडलं. मुलगी गुडघ्याची पट्टी सोडवू लागली.

मी दाराशी झाडू घेऊन उभी होते. आत जायला मला वेळ लागला.

"सर, आकडे खोटे हायत. मीच कमी सांगितले."

त्यांनी कारण विचारलं. नजरेचं सांगताना मी खाली बघत होते. ते हसले नाहीत. आत्ताच पुन्हा मोजा म्हणाले.

पडदा ओढला. दंड चौदा, पाठ सतरा. कमरेवर चोवीस. बाहेर मुली हसल्या.

"आये, जरा हळू बोल की गं," मुलगी दात आवळून म्हणाली.

सरांना नीट ऐकू आलं नव्हतं. मी चोवीस पुन्हा सांगितले.

त्यांनी नाव ठेवलं आणि तिचं जेवण लिहून दिलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी नजर काढायला तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या तेव्हा मात्र उठून गेली नाही.