दुसऱ्या रकान्यातली खूण

संशोधन करणारे लोक आमच्या विठ्ठलाच्या देवळात आले, तेव्हा त्यांना घरोघरी मीच फिरवलं. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारी आमची मोजकी मराठी घरं, सोयरिकीही आपसांतच. अशा लोकांच्या डीएनएवरून पुष्कळ कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला ते लगेच पटलं. संमतीचा इंग्रजी कागद मी म्हाताऱ्यांना मराठीत समजावून सांगितला. "चमचाभर रक्त तर द्यायचंय," असं प्रत्येकाला म्हणत होते.

कागदाच्या शेवटी दोन रकाने होते. तब्येतीला धोक्याचं काही सापडलं तर कळवावं, किंवा कळवू नये. मी पहिल्यात खूण केली आणि पेन धाकट्या भावाला दिलं. नजरबाद भागातलं बाबांचं शिलाईचं दुकान आता तो चालवतो. त्यानं दुसऱ्या रकान्यात खूण केली.

"अरे, नीट वाच."

"वाचलं, अक्का. मला कळून काय करायचंय? बेडा, नकोच ते."

आमचे बाबा सेहेचाळिसाव्या वर्षी शिवता शिवता मशीनवरच गेले. भाऊ तेव्हा समोर होता. हार्ट, एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढचं कुणी विचारलं नाही.

सात-आठ महिन्यांनी मला त्या संशोधनवाल्यांचा फोन आला. "एकदा येऊन जाता का? घाबरू नका."

त्यांच्यातल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकात बदल आहे. त्यानं स्नायू जाड होत जातो. काहींना जन्मभर काही होत नाही, काही जण अचानक जातात. बहुधा वडिलांकडून आलंय. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

"मग माझा भाऊ?"

"त्यांच्याबद्दल मी बोलू शकत नाही. तुमचं तुम्ही त्यांना सांगू शकता."

बाई हे फार घाईनं बोलल्या आणि खिडकीकडे बघू लागल्या. भावाचं उत्तर 'नाही' असतं तर त्यांचा चेहरा असा झाला असता का, याचाच मी परत येताना रिक्षात विचार करत होते.

तपासणीत माझाही स्नायू थोडा जाड निघाला, मला गोळी सुरू झाली. भावाला सांगायचं धाडस व्हायला नऊ दिवस लागले. दुकानात गेले, तर तो कापडावर खडूनं आखत होता. मी बोलायला लागले आणि त्याचा हात थांबला.

"मला सांगू नको म्हटलं होतं ना?"

"तुझं कुठे सांगतेय? माझं सांगतेय."

"एकच की ते." त्यानं खडू खाली ठेवला. "बाबा गेले त्या सकाळी हसत होते, अक्का. त्यांना माहीत असतं तर हसले असते?"

भावाला तेव्हा चव्वेचाळिसावं चालू होतं.

मी गप्पच राहिले असते. पण त्याची बारा वर्षांची मुलगी शाळेकडून धावते. एके दिवशी सरावात तिला चक्कर आली. "उन्हानं असेल," असं भावजय फोनवर सहज म्हणाली. मी भावाला न विचारता भावजयीला सगळं सांगून टाकलं.

मुलीची तपासणी झाली. तिच्या हृदयाचा स्नायू माझ्यापेक्षाही जाड निघाला आणि जनुकातला बदल तोच. तिचं धावणं बंद झालं. तिच्यात ते आलं होतं बापाकडूनच. भावाला वेगळं सांगायची कुणाला गरजच उरली नाही.

तो माझ्याशी बोलेनासा झाला. देवळात येणाऱ्या आणखी दोन घरांना तसेच फोन आले. एका आजोबांनी भजन संपल्यावर मला गाठून विचारलं, "तूच सांगितलं होतंस ना, चमचाभर रक्त म्हणून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

काल मुलीच्या तपासणीला मी गेले होते. ती आईबरोबर आत होती. भाऊ बाहेर बाकावर बसला होता, नेहमीसारखा. स्वतःला दाखवायचं तो नावही काढत नाही. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "मशीन चालवताना धाप लागते, अक्का."

"कधीपासून?"

"झाले चार महिने."

मी ताडकन उठले. त्यानं माझं मनगट धरलं. हात गार होता. "आत्ता नको. तिच्यासमोर नको."

मी नोंदणीच्या खिडकीवर जाऊन त्याच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. सोमवारची मिळाली. आज शुक्रवार आहे.