मालका, पैसे काढ!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. जपानात, कोबेमध्ये भर सकाळी दरोडेखोर म्हणून पोलिसांनी मला धरलं होतं. हो, मला! उंची पाच फूट, वय सत्तेचाळीस, माहेर डोंबिवली. आणि तरीही मी म्हणते, मुद्दा माझाच बरोबर होता!

झालं ते बेसबॉलपायी. इथे आल्यावर ऑफिसच्या लोकांबरोबर एक मॅच बघायला गेले आणि जी अडकले ती अडकलेच. नवरा अजून क्रिकेटवरच आहे. मंदारला बेसबॉल म्हणजे 'बॅट नीट धरता न येणाऱ्यांचा खेळ' वाटतो. असो. आमच्या संसारात त्या विषयावर तह झालेला आहे.

आमच्या बिल्डिंगखाली मोरिता-सान यांचं छोटंसं हॉटेल आहे. 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. सत्तरीचे गृहस्थ. ओकोनोमियाकी करतात, म्हणजे आपलं कोबी घातलेलं जाडजूड धिरडं. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं जमतो. मोरिता-सान, रिटायर्ड बस ड्रायव्हर हामादा-सान आणि मी. हिवाळ्यात मॅचेस बंद असतात, पण तोंडं थोडीच बंद असतात? कोण कुठल्या टीममध्ये गेला, कोणाला विकलं, कोणाला घेतलं, यावरच्या या भांडणांना इथे 'स्टोव्ह लीग' म्हणतात. शेगडीभोवती बसून खेळायची लीग! तिथे मी फार वरच्या दर्जाची खेळाडू आहे.

त्या हिवाळ्यात आमच्या टीमच्या मालकाने कहर केला. आमचा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर, दुसऱ्या टीमला देऊन टाकला! गोलमटोल माणूस, कितीही आपटला तरी उठून बसायचा, म्हणून आम्ही त्याला दारुमा बाहुलाच म्हणायचो. त्याच्या बदल्यात घेतली काय, तर नाव न ऐकलेली दोन पोरं. पैसे मोजून घेतलेला नामवंत खेळाडू? एकही नाही. मग पैसा गेला कुठे? नव्या स्कोअरबोर्डात! चार मजली इमारतीएवढा!

"स्कोअर दाखवायची सोय झाली," मी म्हटलं, "पण स्कोअर करणार कोण? बोर्ड?"

"दोघंही पिचर आहेत, चेंडू फेकणारे. तरुण आहेत," मोरिता-सान उलथन्याने धिरडं उलटत म्हणाले. "मालकाचा काही विचार असेल."

"विचार नाही, कंजूषपणा आहे!" हामादा-सान म्हणाले. "माझा नातू रडला त्या दिवशी."

"मग गप्प का बसायचं? शनिवारी चाहत्यांचा मेळावा आहे. मालक स्वतः येणार आहे. बोर्ड घेऊन उभे राहू या!"

दोघांनाही पटलं. घोषणा काय लिहायची, यावर मात्र गाडी अडली. मोरिता-सान म्हणाले, "खेळाडूंच्या बाबतीत कृपया थोडा अधिक विचार व्हावा, अशी नम्र विनंती."

मला सांगा, ही घोषणा आहे का? हे तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचं पत्र झालं! मी म्हटलं, "असं नाही चालायचं. चार शब्दांत सांगायचं. 'ओनर, काने ओ दासे!' मालका, पैसे काढ!"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"केळकर-सान," हामादा-सान म्हणाले, "ते वाक्य... चोत्तो..."

'चोत्तो' म्हणजे 'जरासं'. जपानी माणूस 'जरासं' म्हणून थांबला, की त्याचा अर्थ 'मुळीच नको' असतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण मी पेटले होते. मला वाटलं, घाबरले म्हातारे.

"जरासं नाही, चांगलं सणसणीत लागू दे त्याला!" असं म्हणून मी घरी आले. पांढऱ्या कागदावर लाल रंगात ते वाक्य लिहिलं आणि दोन दिवस स्वयंपाक करता करता ओरडायची प्रॅक्टिस केली. कुकरच्या शिट्टीवर माझा आवाज जायचा.

शनिवारी सकाळी निघाले. थंडी मरणाची, म्हणून काळं जाकीट, तोंडावर मास्क आणि टीमची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. बगलेत गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत घातलेली घोषणा. वाटेत आठवलं, दारुमाच्या फोटोची मोठी कॉपी काढून ती खाली चिकटवायची होती. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत शिरले. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर ही चोवीस तास उघडी दुकानं असतात आणि त्यांत कॉपीचं मशीन असतं.

नाणं टाकलं. मशीनने ते गिळलं. कॉपी नाही, नाणंही नाही. बटणं दाबली, मशीनला थापटलं, काही नाही! मेळाव्याला उशीर होत होता. काउंटरवर ओकुनो नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. 'माझे पैसे अडकलेत, तेवढे काढून देता का,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण दोन दिवस जे वाक्य घोकलं होतं, तेच पुढे आलं. हातातली नळी मशीनच्या दिशेने रोखली आणि पूर्ण ताकदीने म्हटलं,

"काने ओ दासे!"

मी काउंटरला वळसा घालून समोर आले होते, त्यामुळे मशीन होतं ओकुनो-सानच्या बरोब्बर मागे.

आता तुम्हीच विचार करा. काळं जाकीट, मास्क, टोपी, हातात नळी आणि 'पैसे काढ!' जपानमध्ये हे वाक्य फक्त एकाच व्यवसायाचे लोक वापरतात, हे मला तेव्हा कुठे माहीत?

ओकुनो-सान किंचाळल्या नाहीत, पळाल्या नाहीत. इथल्या दुकानांत चोरावर फेकायला रंग भरलेले बॉल ठेवलेले असतात. त्यांनी एक उचलला आणि फेकला. काय तो थ्रो, अहाहा! सरळ, वेगवान, छातीच्या मध्यावर. फट्! मी नखशिखांत केशरी. अशी पिचर आमच्याकडे असती तर मालकाला कोणाला घ्यावंच लागलं नसतं!

पाच मिनिटांत चष्मेवाले हवालदार हजर. आतल्या खोलीतून दुकानाचे मालकही आले.

"मी चोर नाही!" मी ओरडले. "मी चाहती आहे! हा घ्या पुरावा!" आणि मोठ्या ऐटीत नळीतली घोषणा काढून उलगडली.

हवालदारांनी मोठ्याने वाचली. "ओनर... काने ओ दासे."

दुकानाचे मालक पांढरेफटक पडले. या दुकानांच्या मालकालाही 'ओनर'च म्हणतात हो! त्यांना वाटलं, बाईने माझ्यासाठी खास लिहून आणलंय!

"तुम्ही नाही! टीमचा ओनर!" मी म्हटलं. मग टपटप गळत्या केशरी अवतारात मी त्या तिघांना अख्खं प्रकरण ऐकवलं. दारुमा, दोन पोरं, चार मजली बोर्ड. आवाज एकदाही खाली आणला नाही. का आणायचा? चूक माझ्या भाषेत होती, मुद्द्यात नव्हती!

हवालदारांनी वही मिटली. "कॅचरच्या बाबतीत," ते हळूच म्हणाले, "मी तुमच्याशी सहमत आहे. पण वाक्य बदला."

"नाही बदलणार!"

आणि नाहीच बदललं. ओकुनो-सानची वाकून वाकून माफी मागितली, फरशी स्वतः पुसली आणि तशीच केशरी मेळाव्याला गेले. मालक गाडीतून उतरला, घोषणा वाचली आणि हसत हसत त्याने दोन्ही हात वर केले! गर्दीने टाळ्या वाजवल्या. हामादा-सान तर शिट्टी मारत होते. खेळाडू मात्र त्याने एकही घेतला नाही, मेल्याने.

महिन्याभराने तेच हवालदार घरी आले. मंदारचा चेहरा उतरला. "अगं, आता काय केलंस?"

"केळकर-सान, एक विनंती आहे," ते म्हणाले. "दरोडा पडला तर काय करायचं, याचा दुकानांमध्ये सराव घेतो आम्ही. आमचे लोक चोर होतात, पण ते वाक्य असं म्हणतात की चहाच मागतायत. तुमच्यासारखं कोणालाच जमत नाही. तुम्ही याल?"

जाणार आहे मी. का नाही जायचं? अकरा वर्षं जपानी शिकतेय, तीन परीक्षा दिल्या, दोन मास्तरांनी हात टेकले. माझ्या उच्चारांचं कौतुक आयुष्यात एकदाच झालं, आणि ते पोलिसांनी केलं!