कोणते इंगोले?

"ताट खाली ठेव," बाई म्हणाल्या.

मी ठेवलं नाही. वाटलं, कुणीतरी हातातून घेईल. निरांजन पेटलेलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं मीच मांडलं होतं. कुणाचाच हात पुढे आला नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू. मग मी वाकले आणि पायरीशी, पाहुण्यांच्या चपलांजवळ, ताट ठेवलं.

सहावीत होते मी. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. शाळेच्या संस्थापकांचा स्मृतिदिन होता. संस्थापक इंगोले, त्यामुळे पाहुण्यांचं औक्षण इंगोले आडनावाच्या मुलीनंच करायचं, ही तिथली रीत. बाई नव्यानं आल्या होत्या. त्यांनी हजेरीत माझं आडनाव पाहिलं आणि मलाच उभं केलं. गावात कुणी ही चूक केली नसती.

पाहुणे म्हणजे संस्थापकांचा मुलगा. सोबत त्यांची बायको. तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "कोणच्या इंगोल्यायची व्हय तू?"

मी म्हणाले, "विहारामागच्या."

ती रागावली नाही. फक्त नवऱ्याची बाही धरून त्याला जरासं मागं ओढलं आणि बाईंकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

दुसरं ताट आलं, दुसरी मुलगी आली. माझं निरांजन चपलांजवळ जळत राहिलं. फुंकर मारून विझवणं अशुभ, म्हणून कुणी विझवलंही नाही. मी त्याच्याजवळ उभी होते, कारण कुठं जायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. भाषणं संपेपर्यंत लघवी दाबून उभी होते.

फाटकाजवळ बाबा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मजुरी बुडवून, मला बघायला आलेले.

बाबांना आडनावाचं फार वेड. चौकाला इंगोल्यांचं नाव, सभागृहाला, पेट्रोलपंपाला. प्रत्येक पाटीशी ते सायकल हळू करायचे. पेपरात कुणी इंगोले पैलवान आला, कुणी इंगोले डॉक्टर आला, की बोट ठेवून दाखवायचे. "पाह्य, आपलंच नाव हाये." औक्षणाचं कळलं तेव्हा त्यांनी सगळ्या वस्तीला सांगितलं. आईच तेवढी खूश नव्हती. आजोबांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले देव गेले, ओवाळणं गेलं. ती म्हणाली, "आपण सोडलं ना थे ताट? मंग आता कायले पाह्यजे?" बाबांनी तिला झिडकारलं.

त्या दिवशी परत येताना बाबा एवढंच म्हणाले, "काहून सांगतलं तू विहाराचं? दारव्ह्याचे म्हणाचं न."

शाळेतल्या गोष्टीनं रडू आलं नव्हतं. या वाक्यानं आलं. बाबा पुन्हा कुठल्या पाटीशी थांबले नाहीत.

आज मी एसटीत कंडक्टर आहे. बोरी अरबवरून यवतमाळला जाणारी गाडी. छातीवर नावाची पट्टी, आणि रोज त्याच चौकाचं नाव मला ओरडून सांगावं लागतं. पट्टी वाचून लोक विचारतात, कोणते इंगोले? मी बाबांचं ऐकत आले. दारव्ह्याचे, म्हणायचे. मग पुढचा प्रश्न यायचा, सोयरे कुठले? तेव्हा मी तिकिटं काढत मागे सरकायचे.

मागच्या महिन्यात पांढऱ्या धोतरातले एक म्हातारे बसले होते. पट्टी वाचली आणि खुलले. म्हणाले, मीही इंगोलेच. आपलीच पोरगी नोकरीला लागली म्हणून त्यांना आनंद झाला. मग विचारलंच, कोणते?

गाडीत गर्दी होती. माझे कान तापले. पण आईचं बोलणं आठवलं. जे ताट आम्ही सोडलं होतं, ते मी हौसेनं हातात घेतलं होतं. ते खाली ठेवायला लावलं याची लाज मी इतकी वर्षं बाळगली. वाटायला हवी होती ती विहाराचं नाव लपवत आल्याची.

"विहारामागचे," मी म्हणाले.

त्यांचा तिकिटासाठी पुढे आलेला हात मागे गेला. शेजारची रिकामी जागा दाखवून ते म्हणाले, "ठेव तिथं तिकीट."

मी ठेवलं नाही. तिकीट धरून उभी राहिले. सगळी गाडी पाहत होती.

"हातात घ्या, काका."

शेवटी त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत ते घेतलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मी पुढच्या सीटचं तिकीट काढलं.

घरी बाबांना सांगितलं. म्हणाले, "नोकरी हाये बाई. सांभाळून राह्य."

लाज अजून येते. रोज येते. येऊ दे. विचारतील त्याला सांगेन, मोठ्यानं सांगेन, आणि हातातलं आता खाली ठेवणार नाही.