मामाचा मान आणि दुसरा अर्ज

निकिता ओव्हाळ आमच्या सोसायटीत राहायला आली तेव्हा तिला राजकारणात काडीचा रस नव्हता. धायरीहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचं, येता-जाता बसमध्ये झोपायचं, एवढंच तिचं आयुष्य. तिला राजकारणात ओढलं पाण्याने. आमच्याकडे नळ आहेत, पण पाणी टँकरने येतं. एकदा सलग चार दिवस टँकर आला नाही, तेव्हा ती रजा काढून महापालिकेच्या पाणी खात्यात तक्रार करायला गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "घरात कोणी पुरुष माणूस नाही का?" पोरगी परत आली ती पेटूनच. पुढची तीन वर्षं तिने त्या साहेबांना सुखाने चहा पिऊ दिला नाही.

मी सत्यशीला, तिच्या शेजारची. महापालिकेत तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे कुठला कागद कुठल्या टेबलावर मरतो हे मला पाठ आहे. तिचे तक्रारअर्ज मी तपासून द्यायचे. कचरा गोळा करणारी जया सगळ्या गल्लीच्या सह्या आणून द्यायची. असं आमचं तिघींचं खातं चाललं होतं.

मग महापालिकेची निवडणूक लागली आणि प्रभागातली एक जागा महिलांसाठी निघाली. आमचे जुने नगरसेवक आप्पासाहेब यांनी लगेच सुनेचे, नम्रताचे, फ्लेक्स लावले. फ्लेक्सवर सून पासपोर्टच्या फोटोएवढी आणि आप्पासाहेब पुरुषभर. ते पाहून निकिता म्हणाली, "मावशी, मी पण उभी राहते. अपक्ष."

उमेदवारी अर्जावर सूचकाची सही लागते, आणि सूचक त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. तिचे वडील कचरूभाऊ म्हणाले, "सूचक मामाच. पोरीच्या शुभकार्यात मामा पुढं नको?" संजयमामा रिक्षा चालवतो, आमच्याच मागच्या गल्लीत राहतो. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, मतदार कार्ड पाहून स्वतःचा क्रमांक सांगितला आणि लग्नाच्या पत्रिकेवर करावी तशी ऐटीत सही केली. मी जन्मभर लोकांच्या याद्या तपासल्या, पण मामाचं नाव तपासणं मला बरं वाटेना. हा गाढवपणा माझा.

तरी रात्री चैन पडेना. एका अर्जावर निवडणूक लढवणं म्हणजे एका चपलेवर बाजाराला जाणं. सकाळी निकिताला म्हटलं, "दुसरा अर्ज भर. चालतो तसा. सूचक जया." तिचं नाव मात्र मी यादीत बोट ठेवून पाहिलं.

"मामाला वाईट वाटेल हो."

"मामाला सांगतंय कोण?"

दोन्ही अर्ज वेळेत दाखल झाले. दुसऱ्या दिवशी छाननी. निकिताचा पुकारा झाला तसे आप्पासाहेबांचे वकील उठले. म्हणाले, सूचक संजय यांचं नाव या प्रभागाच्या यादीतच नाही. ते कर्वेनगरचे मतदार आहेत.

आम्ही मामाकडे पाहिलं. मामाचा चेहरा पडला. धायरीत येऊन त्याला सहा वर्षं झाली, पण जुन्या चाळीतल्या दोस्तांबरोबर मतदानाला जाता यावं म्हणून त्याने नाव तिकडेच ठेवलं होतं.

"पुणं एकच हाय ना, साहेब?" तो पुटपुटला.

"पुणं एकच आहे, प्रभाग एक्केचाळीस आहेत," अधिकारी म्हणाले आणि अर्जावर 'अवैध' असं लिहिलं. कचरूभाऊ मटकन खाली बसले. आप्पासाहेब मोबाइलवर कुणाला तरी पेढ्यांचं सांगू लागले. निकिता माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी मनगटात रुतली.

"यांचा दुसरा अर्ज आहे," अधिकारी म्हणाले.

वकिलांनी तोही मागून घेतला. यादी काढली, भाग पाहिला, अनुक्रमांक पाहिला. जयाची वेडीवाकडी सही चष्मा पुसून पुन्हा पाहिली. शेवटी त्यांनी कागद परत दिला. "हरकत नाही."

"अर्ज वैध."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. जयाने सगळ्यांसमोर निकिताच्या पाठीत धपाटा घातला.

मामा मात्र दिसेना. तो बाहेर रिक्षात बसला होता, मान खाली. निकिता त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"बाळा, आजच्या आज इकडं नाव घालतो."

"आता नाही होणार, मामा. यादी बंद झाली."

"म्हणजे तुला माझं मतसुद्धा नाही?"

"नाही."

सख्खा मामा, आणि भाचीला मत देता येणार नाही. तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. मी रागवायचं म्हणून आले होते, ते राहूनच गेलं.

निकिताने पिशवीतून तिच्या पत्रकांचा गठ्ठा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "ज्यांना देता येतं, त्यांची दारं दाखवते. चला."

मामाने रिक्षा सुरू केली.