साळ्यानं पाठवलेला इतिहास

आदिलाबादहून बोथला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक कापसाचा व्यापारी बसला होता. नाव मी विचारलं नाही, आणि आता विचारायची इच्छाही नाही. मोबाइलवरचा मजकूर तो साऱ्या बसला ऐकू जाईल असा वाचत होता. ख्रिस्ती धर्म म्हणे या देशात इंग्रजांनी आणला. पुढच्याच सीटवर गळ्यात क्रॉस घातलेली एक नर्स होती. तिनं मान खाली घातली.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून केरळात चर्च आहेत. हे लिहिलं कोणी? कशाच्या आधारावर?"

"माया साळ्यानं पाठोलं. तो काऊन खोटं पाठवीन?"

बोलता बोलता त्यानं खिशातून कापसाचा पुंजका काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला. तंतू लगेच तुटले, तसं त्यानं तोंड वाकडं केलं.

"हा बी साळ्याचाच. वरून पांढराशुभ्र. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तवा आतून असा निंगाला. माल वापस पाठोला."

माझं डोकंच फिरलं. "कापसात साळ्यावर भरोसा नाही, आणि यात आहे?"

"कापसात पैसा जाते, सर. यात आपलं काय जाते?"

नर्स उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. बोथ यायला अजून बराच वेळ होता. तिच्या रिकाम्या सीटखाली त्यानं पाय लांब केले, आणि तो मेसेज पुढं पाठवून दिला.